घाटरस्ता सायकलवरून वाचूया : किलोमीटर हे अर्धंच माप



आजचा पाठ भूगोलाचा आहे, थोडा विज्ञानाचा आहे आणि थोडा गणिताचाही. विषय मात्र तुमच्या आवडीचा : सायकल आणि घाट.

एका प्रश्नापासून सुरुवात करू. वाईहून सातारा साधारण ३५ किलोमीटर. वाईहून महाबळेश्वर साधारण ३२ किलोमीटर. म्हणजे अंतराने महाबळेश्वर जवळ. पण एकाच वेळी निघालेल्या दोन सायकलस्वारांपैकी साताऱ्याचा आधी पोचतो आणि महाबळेश्वरचा पाऊण-एक तास मागे राहतो. असं का?

"घाट लागतो ना!" असं तुम्ही लगेच म्हणाल. उत्तर बरोबर आहे. पण घाट लागतो म्हणजे नक्की काय होतं? किती जास्त काम पडतं? किती वेळ जास्त लागतो? परतीच्या उतारावर काय सांभाळायचं? या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत देता आली, तर आपल्याला घाट "वाचता" आला असं म्हणायचं.

सपाट मुलखात रस्त्याचं माप किलोमीटर. डोंगरी मुलखात ते अर्धंच माप. उरलेलं अर्धं माप उंचीचं असतं. आजच्या पाठात एवढी एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

१. सह्याद्री : एका बाजूला उतरण, दुसऱ्या बाजूला कडा

सह्याद्री बेसॉल्ट या काळ्या खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. एका थरावर दुसरा थर बसत गेला. म्हणून आपल्या डोंगरांची बाजू लांबून पाहिली की पायऱ्या-पायऱ्यांची दिसते : एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. या खडकाला "डेक्कन ट्रॅप" म्हणतात. त्यातला "ट्रॅप" हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

सह्याद्रीच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. पूर्वेला, म्हणजे देशाच्या बाजूला, डोंगराच्या सोंडा लांबवर उतरत जातात. मुळात देशावरची जमीनच समुद्रसपाटीपासून पाचशे-सातशे मीटर उंच आहे, त्यामुळे माथा गाठायला कमी चढावं लागतं. पश्चिमेला, म्हणजे कोकणाच्या बाजूला, जमीन समुद्राच्या जवळपास पातळीवर आणि माथा एकदम वर. मध्ये उभे कडे.

सायकलस्वाराला याचा अर्थ सरळ आहे. महाबळेश्वर एकच, पण वाईकडून चढलात तर सहा-साडेसहाशे मीटर चढायचं आणि पोलादपूरकडून चढलात तर साडेबाराशे मीटरच्या वर. गाव तेच, चढ दुप्पट.

२. रस्ता नागमोडी का असतो?

फार जुन्या काळी घाट चढायला रस्ते नव्हते, वाटा होत्या. माणसं पायी जायची, माल बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवरून जायचा. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा नाणेघाट हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथल्या लेण्यात सातवाहन काळातले ब्राह्मी शिलालेख आहेत आणि वर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. अशा वाटा उभ्या असल्या तरी चालत, कारण पायाला पायरी पुरते.

चाकाला पायरी चालत नाही. चाक असलेली गाडी वर न्यायची तर चढ कमी हवा. आता डोंगराची उंची काही कमी करता येत नाही. मग काय करायचं? रस्ता लांबवायचा! डोंगराला वळसे घालत, पुन्हा पुन्हा मागे फिरत रस्ता वर न्यायचा. उंची तेवढीच राहते, पण ती जास्त अंतरावर वाटली जाते. नागमोडी वळणांमागचं गणित इतकंच आहे. मुंबई-पुण्यामधल्या बोरघाटात चाकाच्या गाड्यांसाठीचा रस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, खुला झाला.

त्याच घाटातून १८६३ मध्ये रेल्वे गेली. रेल्वेला तर फारच कमी चढ चालतो. बोरघाटात तो ३७ मीटरला १ मीटर इतका आहे, म्हणजे टक्केवारीत २.७. एवढ्याशा चढासाठीसुद्धा कर्जतहून लोणावळ्याला जाणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात.

आणखी ओळखीचं उदाहरण पाहा. आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते, तेव्हा रथाला बैलांच्या जादा जोड्या जोडतात. सपाटीवर जे काम एका जोडीला जमतं, ते चढावर जमत नाही. वारकऱ्यांना हे गणित कागदावर मांडायची कधी गरज पडली नाही. जोडी कुठे वाढवायची हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

३. चढ मोजायचा कसा?

सूत्र सोपं आहे, वहीत लिहून घ्या.

चढ (टक्के) = चढलेली उंची ÷ रस्त्याचं अंतर × 100

उंची आणि अंतर दोन्ही मीटरमध्ये घ्यायचं, हे विसरू नका.

उदाहरण : वाईची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर. पाचगणीची सुमारे १,२९० मीटर. फरक ५७० मीटर. मधला पसरणी घाटाचा रस्ता साधारण १२ किलोमीटर, म्हणजे १२,००० मीटर.

५७० ÷ १२,००० × १०० = ४.७५ टक्के

म्हणजे दर १०० मीटर पुढे गेल्यावर आपण पावणेपाच मीटर वर जातो. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण बोरघाटातल्या रेल्वेपेक्षा हा चढ पावणेदोन पट तीव्र आहे.

ही उंची शोधायची कुठे? तुम्ही नकाशातल्या समोच्च रेषा शिकला आहात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटरचं अंतर असतं. पसरणी घाट चढताना आपण अशा २८ रेषा ओलांडतो. रेषा जिथे दाटीवाटीने आल्या आहेत तिथे डोंगर उभा. रस्ता त्या रेषांना सरळ काटत असेल तर चढ कठीण, आणि रेषांच्या कडेकडेने जात असेल तर चढ हलका. हे एकदा डोळ्यांत बसलं, की घरी बसून घाट दिसायला लागतो.

सरासरीची फसवणूक

इथे एक धोका आहे. पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाटाचा रस्ता घ्या. पोलादपूर सावित्री नदीकाठी, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही आत. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर. अंतर साधारण ४० किलोमीटर. सरासरी काढली तर ३ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पसरणीपेक्षा सोपा?

मुळीच नाही! सुरुवातीचे काही किलोमीटर रस्ता नदीच्या खोऱ्यातून हलकाच वर जातो. तिथे उंची फारशी मिळत नाही. सगळी उंची पुढच्या घाटात गोळा झालेली असते. सरासरी ही सपाटी आणि चढ एकत्र ढवळून काढलेली संख्या असते. म्हणून घाटाचा चढ काढताना पायथ्यापासून माथ्यापर्यंतचाच भाग घ्या, गावापासून गावापर्यंतचा नको.

४. शरीराला किती काम पडतं?

आता विज्ञान. वस्तू वर नेताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करावं लागतं.

कार्य = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची

समजा तुमचं वजन ५० किलो आणि सायकलचं २० किलो. एकूण ७० किलो. पसरणी घाटाची उंची ५७० मीटर.

७० × ९.८ × ५७० = सुमारे ३,९१,००० ज्यूल

एवढी ऊर्जा दीड तासात, म्हणजे ५,४०० सेकंदांत खर्च केली तर दर सेकंदाला सुमारे ७२ ज्यूल, म्हणजे ७२ वॅट. घरातला छताचा साधा पंखा जवळपास तेवढीच वीज खातो. म्हणजे दीड तास आपल्या पायांनी एक पंखा फिरवत ठेवायचा! हवेचा आणि रस्त्याचा विरोध याशिवाय वेगळा.

आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचवतं, उरलेली उष्णता होते. म्हणून चढावर घाम येतो. या घाटासाठी शरीराला चारशेच्या आसपास किलोकॅलरी लागतात, म्हणजे ढोबळमानाने ज्वारीच्या दोन भाकऱ्या. रिकाम्या पोटी घाटाला लागू नये असं घरची मोठी माणसं सांगतात, त्यामागे हे गणित आहे.

पाव तासाचा नियम

वरच्या हिशेबातून आपल्याला एक सोपा नियम मिळतो. सवय नसलेला सायकलस्वार चढावर ७५ वॅटच्या आसपास शक्ती टिकवू शकतो असं धरा. ७० किलोचं ओझं १०० मीटर वर न्यायला ६८,६०० ज्यूल लागतात. भागाकार केला की सुमारे ९१५ सेकंद येतात, म्हणजे पंधरा मिनिटं.

दर १०० मीटर उंचीला पाव तास.

पसरणी घाट ५७० मीटर, म्हणजे साधारण १ तास २५ मिनिटं. पोलादपूरहून महाबळेश्वर साडेबाराशे मीटर, म्हणजे नुसत्या चढाचे ३ तासांहून जास्त. त्यात सपाटीचा वेळ, थांबण्याचा वेळ मिळवायचा. सराव असलेला माणूस याच्या अर्ध्या वेळात जाईल, ती गोष्ट वेगळी. पण अंधार पडायच्या आत पोचायचं असेल, तर हिशेब आपल्या गटातल्या सर्वांत हळू चालवणाऱ्या मुलाचा करावा.

५. गिअर नक्की काय करतो?

बऱ्याच जणांना वाटतं की गिअरच्या सायकलला ताकद कमी लागते. हे अर्धसत्य आहे. वरचे ३,९१,००० ज्यूल दोन्ही सायकलींना सारखेच लागतात. गिअर ते काम लहान लहान हप्त्यांत वाटून देतो.

साध्या सायकलला पुढच्या चकतीला ४४ दाते आणि मागे १८ दाते आहेत असं समजा. पेडलचा एक फेरा मारला की मागचं चाक ४४ ÷ १८ = २.४४ वेळा फिरतं. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर सायकल ५.१ मीटर पुढे जाते.

गिअरच्या सायकलला सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील, तर एका फेऱ्यात ती फक्त २.२ मीटर जाते.

घाटात आपला वेग ताशी ८ किलोमीटर आहे, म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. साध्या सायकलवर पेडल मिनिटाला २६ वेळा फिरतं, पण प्रत्येक फेऱ्याला उभं राहून जोर द्यावा लागतो आणि गुडघे भरून येतात. गिअरच्या सायकलवर ते मिनिटाला ६० वेळा फिरतं आणि प्रत्येक वेळी हलका जोर पुरतो. विहिरीतून पाणी काढताना मोठी बादली दहा वेळा ओढायची की छोटी कळशी चोवीस वेळा, असा हा फरक आहे. पाणी तेवढंच निघतं.

साधी सायकल असेल तर कठीण टप्प्यावर खाली उतरून ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही. घाटाला कोणी उतरलं की चढलं हे कळत नाही, गुडघ्यांना मात्र कळतं.

६. वळण : आतली बाजू आणि बाहेरची बाजू

घाटातल्या तीव्र वळणावर एक गंमत असते. वळणाच्या आतल्या कडेने गेलं तर अंतर कमी, बाहेरच्या कडेने जास्त. पण चढायची उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच!

हिशेब करून पाहू. वळण अर्धवर्तुळाचं आहे. आतल्या कडेची त्रिज्या ५ मीटर, बाहेरच्या कडेची १२ मीटर. वळणात रस्ता २ मीटर वर जातो.

आतली कड : अंतर १५.७ मीटर, चढ १२.७ टक्के.
बाहेरची कड : अंतर ३७.७ मीटर, चढ ५.३ टक्के.

एकाच वळणावर चढ दुपटीहून जास्त बदलला. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. म्हणून चढताना डावीकडे वळणारं वळण आलं की आपण आतल्या कडेला असतो आणि तिथे अचानक दम लागतो. उजवीकडे वळणारं वळण आलं की आपण बाहेरच्या कडेला, तिथे थोडी उसंत मिळते. डावं वळण यायच्या आधीच हलका गिअर टाकून ठेवा. पण दम वाचवायला म्हणून रस्त्याच्या उजव्या बाजूला कधीही जाऊ नका. वरून येणाऱ्या एसटीला किंवा ट्रकला वळणापलीकडचे तुम्ही दिसत नाही.

एक नियमही लक्षात ठेवा. अरुंद घाटरस्त्यावर दोन वाहनं समोरासमोर आली, तर वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. उतरताना हा नियम आपल्यालाही लागू आहे.

७. उतार : खरी परीक्षा

चढावर माणूस दमतो, उतारावर चुकतो. म्हणून हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

चढताना खर्च केलेले ३,९१,००० ज्यूल वाया गेलेले नसतात, ते स्थितिज ऊर्जेच्या रूपात माथ्यावर आपल्याजवळ असतात. उतरताना ते परत मिळतात. कशाच्या रूपात? वेगाच्या. ब्रेक न लावता सायकल सोडून दिली तर ५ टक्के उतारावर ती ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास आणि ८ टक्के उतारावर ४५ च्या आसपास जाऊ शकते.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. तिप्पट झाला की नऊपट. १५ च्या वेगाने तुम्ही दोन-तीन मीटरमध्ये थांबत असाल, तर ४५ च्या वेगाने वीस-पंचवीस मीटर लागतील. पण पुढचं वळण तर पंधरा मीटरवर आहे! कठडे कशासाठी बांधलेले असतात ते इथे कळतं.

ब्रेक लावतो तेव्हा गतीची उष्णता होते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर रबर आणि चाकाची रिम तापते, रबराची पकड कमी होते आणि कधी कधी ट्यूबही फुटते. पावसात रिम ओली असेल तर पहिले काही फेरे ब्रेक लागल्यासारखाच वाटत नाही. म्हणून उताराचे नियम :

(अ) माथ्यावर थांबा. दोन्ही ब्रेक, दोन्ही चाकांची हवा आणि हँडल तपासा. एक ब्रेक जरी ढिला असेल तरी बसून उतरू नका, चालत उतरा.

(आ) वेग वाढल्यावर कमी करण्यापेक्षा वाढूच देऊ नका. ब्रेक थोडा वेळ लावा, सोडा, पुन्हा लावा. तेवढ्यात रिमला वारा लागतो.

(इ) ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको. वळणात चाक तिरकं असतं, तिथे जोरात ब्रेक लागला की ते घसरतं.

(ई) दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. नुसता पुढचा ब्रेक गच्च दाबला तर माणूस हँडलवरून पुढे पडू शकतो, नुसत्या मागच्याने सायकल लवकर थांबत नाही.

(उ) वळणाच्या कडेला खडी, माती, ओला पाला असतो. नजर चाकापुढे नको, रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे ठेवा.

(ऊ) कॅरिअरवर कोणालाही बसवून घाट उतरू नका. वजन वाढलं की ब्रेकवरचं कामही तेवढंच वाढतं.

८. पाऊस, दरड आणि पाणी

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. त्यामुळे महाबळेश्वर, आंबोली यांसारख्या घाटमाथ्यावरच्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटरवरची वाई पर्जन्यछायेच्या बाजूला येते आणि तिथे त्याचा छोटा अंशच पडतो. म्हणजे एकाच दिवसाच्या सायकल प्रवासात तुम्ही दोन वेगळ्या हवामानांतून जाता.

पावसाळ्यातला घाट दिसायला सुंदर, पण बेसॉल्टच्या थरांमधली माती पाणी पिऊन सुटते आणि दरडी कोसळतात. जुलै २०२१ मधल्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता अनेक ठिकाणी खचला आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. म्हणून नवशिक्यांनी जून ते सप्टेंबर घाटात सायकल नेऊ नये. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चपासून कोकणाच्या बाजूचा चढ उन्हामुळे फार जड जातो.

आणखी एक गोष्ट. एवढा पाऊस पडणाऱ्या घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. उतार तीव्र, खाली कठीण खडक, त्यामुळे पाणी थांबत नाही, वाहून जातं. तुम्ही कुणाच्या दारात बाटली भरून मागाल तर नाही कोणी म्हणणार नाही. पण ते पाणी कदाचित त्या घरातल्या बाईने डोंगर उतरून आणि चढून आणलेलं असेल. सायकलवाल्याने पाणी पायथ्याच्या गावातूनच भरून घ्यावं.

९. तीन घाट, तीन धडे

सिंहगड : पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटर, चढ सरासरी ६ टक्क्यांच्या घरात. पुण्याच्या सायकलस्वारांची ही जणू तालीमच. अंतर लहान म्हणून सोपा समजू नका. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची गर्दी असते, पहाटे निघावं.

वाई-पाचगणी-महाबळेश्वर : आधी पसरणी घाटाचा सलग चढ, मग पाचगणीपासून पठारावरचा चढ-उतारांचा रस्ता. पहिल्या टप्प्यात सगळा दम घालवला तर दुसरा टप्पा लांबच लांब वाटतो. जोर राखून ठेवायला शिकवणारा मार्ग.

सावंतवाडी-आंबोली : अंतर साधारण ३० किलोमीटर. सावंतवाडी सखल भागात, आंबोली सुमारे ६९० मीटरवर. पण बहुतेक चढ दाणोलीनंतरच्या घाटात. सरासरीच्या फसवणुकीचं हे दुसरं उदाहरण. झाडीची सावली मिळते, आणि ओलसर रस्त्यावर घसरण्याची भीतीही तेवढीच.

१०. घाटातली शाळा

इथपर्यंत आपण हौसेने सायकल चालवणाऱ्यांबद्दल बोललो. आता रोज चालवणाऱ्यांबद्दल.

समजा एक वाडी शाळेपासून अडीच किलोमीटरवर आहे आणि शाळेपेक्षा १५० मीटर उंचावर आहे. सरासरी उतार ६ टक्के. तिथली आठवीतली मुलगी सकाळी सायकलवर बसते आणि दहा मिनिटांत शाळेत पोचते. संध्याकाळी? एकाच गिअरची सायकल ६ टक्के चढावर तिला चालवता येत नाही. ताशी चार किलोमीटरने ढकलत नेली तर पाऊण तासाच्या आसपास. वर दप्तर, पोटात दुपारचं जेवण जिरलेलं, आणि हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत अंधार. कागदावर मात्र दोन्ही वेळा "अंतर २.५ कि.मी." एवढंच लिहिलेलं असतं.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चांगली योजना आहे, सपाट मुलखात तिने मुलींची शाळा वाचवली. पण घाटातल्या मुलीला मिळालेली सायकल दिवसातून एकदा तिला घेऊन जाते आणि एकदा तिलाच सायकल घेऊन जावी लागते. शिवाय त्या सकाळच्या उतारावर तिचे ब्रेक नीट आहेत का, हे कोण पाहतं?

शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं सांगितलं आहे. अवघड भूभागात, दरडीचा किंवा पुराचा धोका असेल तिथे ही मर्यादा कमी करावी, असा विचार केंद्राच्या आदर्श नियमांतही आहे. "अवघड भूभाग" हे दोन शब्द मात्र मोघम राहतात. ते आकड्यांत मांडायला आज आपण शिकलो : उंचीचा फरक किती, चढ किती टक्के, आणि चढायला वेळ किती.

म्हणून या पाठाचा गृहपाठ फक्त वहीपुरता नाही. प्रत्येक डोंगरी शाळेने आपल्या मुलांच्या यादीत अंतराच्या रकान्याशेजारी उंचीचा रकाना काढावा. तो भरला की कोणाला एसटीची वेळ बदलून हवी, कोणाची सुट्टी थोडी आधी व्हायला हवी आणि कोणाचे ब्रेक आधी तपासायला हवेत, हे मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला दाखवून देता येईल.

स्वाध्याय

१. एका घाटाचा पायथा १०० मीटरवर आणि माथा ७०० मीटरवर आहे. रस्ता १० किलोमीटर आहे. चढ किती टक्के? पाव तासाच्या नियमाने किती वेळ लागेल?

२. कारणे द्या : (अ) घाटरस्ते नागमोडी असतात. (आ) चढताना डाव्या वळणावर जास्त दम लागतो. (इ) उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये.

३. तुमच्या सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चकतीचे दाते मोजा. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते ते गणिताने काढा, मग जमिनीवर खडूने खूण करून पडताळून पाहा.

४. उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याची छेद आकृती आलेख कागदावर काढा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर उंची. वर्गातल्या सर्व आकृत्या एका तक्त्यावर शेजारी-शेजारी लावा. सर्वांत लांबून कोण येतं ते वर्गाला माहीत असतंच. सर्वांत जास्त चढून घरी कोण जातं, ते त्या दिवशी कळेल.